पौषात उत्तरेला

परत आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतो, “मग, काय काय बघितलं?” फुलबाजारात विचारतात, दळण टाकायला गेलं की विचारतात. परवा रामकुंडावर एका दहाव्याला गेले होते, तर तिथेही एका बाईने पदर तोंडाला लावून हळूच विचारलं. गेलेल्या माणसाचं राहिलं बाजूला, हिला ताजमहालाची पडलेली. प्रत्येकीला वेगळं सांगून माझी जीभ दुखायला लागली, म्हणून एकदाच लिहून टाकते. ज्यांना जायचंय त्यांना उपयोग होईल, बाकीच्यांनी घरी बसून वाचावं.

आम्ही फुलांची माणसं. मखमलाबादच्या पुढे मळा आहे, मळ्यातच घर. शेवंती, झेंडू, थोडासा निशिगंध. उजाडायच्या आत तोडायचं, पाट्या भरायच्या, पंचवटीच्या बाजारात न्यायच्या. फूल काही आपल्यासाठी थांबत नाही, त्यामुळे आम्ही नवरा-बायको मिळून कुठे गेलो असू तर वणी, शिर्डी, जेजुरी आणि एकदा व्याह्यांबरोबर महाबळेश्वर. त्याचं काही वाटलंही नाही कधी. सिंहस्थ आला की सगळा देश आमच्याच दारात येतो. बंगाली येतात, मद्राशी येतात, अंगाला राख फासलेले नागे येतात, बुड्या मारतात आणि जातात. बसल्या जागी देश बघणारी माणसं आम्ही, उठून कशाला जातोय!

मग आमच्या मालकांच्या डोळ्यांचं निघालं. त्यांचं नाव मी घेत नाही, सवय नाही. गाव त्यांना नाना म्हणतं, लिहिताना मीही नानाच म्हणेन. आधी वाफ्यातून चालताना ते रोपं तुडवायला लागले. मग पंचवटीच्या गल्लीत बाजूने आलेल्या गाड्या त्यांना दिसेनात. एक रिक्षावाला ओरडला, “ओ काका, डोळे घरी ठेवून आले का?” आम्हाला वाटलं मोतीबिंदू असेल, वय झालंच आहे, काढून टाकू. डॉक्टरांनी मशीनवर हनुवटी टेकायला लावली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, काचबिंदू. डावा डोळा गेलेलाच होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. उजव्यात मधोमध रुपयाएवढी खिडकी राहिली होती.

“गेलेली नजर परत येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “राहिलेली टिकवायची म्हणून हे ड्रॉप. वर्षानुवर्षं टिकेल, नाहीतर एकदम जाईल, मी शब्द देऊ शकत नाही. काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या.”

रिक्षात बसल्यावर मी त्या डॉक्टरला मनसोक्त शिव्या दिल्या. मेल्याला बोलायची रीत नाही, माणसाच्या तोंडावर असं सांगतात का! रविवार कारंजा आला तेव्हा नाना म्हणाले, “मंगल, आपलं काय काय बघायचं राहिलंय?”

“सगळंच,” मी म्हटलं. आणि मला रडू आलं, ते रिक्षावाल्याच्या आरशात दिसत होतं.

लेक सुवर्णा सातपूरला कंपनीत आहे. ती पुढच्या रविवारी देशाचा मोठा नकाशा घेऊन आली आणि तिने तो खाटेवर पसरला. केवढा तो देश! खाटेच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होता. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो आणि नाना गुडघे टेकून, नाक कागदाला लावून. त्यांना एका वेळी एखादा जिल्हाच दिसायचा. बोट सरकवायचे, मग दुसरा.

“केरळ?” सुवर्णा म्हणाली. “होडीत राहायचं नाना, होडीतच जेवायचं.”

“पाणी अन् नारळ. नको.”

“राजस्थान? वाळवंट, उंट?”

“मालेगावला उंट बघितलाय मी. नको.”

“रामेश्वर, कन्याकुमारी? तीन समुद्र एका ठिकाणी मिळतात.”

“एक बघितलाय, त्यात दोन धरून घे.”

आम्ही हसत होतो. आसाम नको, लांब आहे. जगन्नाथ नको, गर्दी आहे. हंपी नको, पडकं काय बघायचं. अजंठा-वेरूळ तर मीच नको म्हटलं, जवळच आहे, कधीही जाता येईल. बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. कधीही! एरवी माणूस नको म्हणतो ते या वर्षी नको, या खेपेला नको. इथे जे जे नको म्हणत होतो ते कायमचं नको होतं. आम्ही जागा निवडत नव्हतो, एकेक जागा मारत चाललो होतो. सुवर्णाच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती एकदम उठून चहा टाकायला गेली.

नानांनी शेवटी तीन गोष्टी सांगितल्या. एक, गंगा. आम्ही नाशिकची माणसं गोदावरीलाच गंगा म्हणतो, ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणतो. तर ही आमची गंगा झाली, आता ती खरी मोठी गंगा बघायची, काशीला. दुसरं, ताजमहाल. ते का, तर सुवर्णाच्या शाळेच्या पुस्तकात चित्र होतं आणि तिने विचारलं होतं, नाना हे तुम्ही बघितलंय का. तिसरं म्हणजे बर्फ.

“बर्फ कशाला? फ्रीजात बघा की,” मी म्हटलं.

“आपण बर्फ बघितला तो गारांचा,” नाना म्हणाले. “पडला की सत्यानाश. डोंगरावर नुसता पडून राहतो, कुणाचं काय बिघडवत नाय, तसला बर्फ एकदा बघायचाय.”

आता राहिलं कधी जायचं. यात आम्हाला मिनिटभरही विचार करावा लागला नाही, आणि तिथेच आमचं चुकलं. फुलवाल्याला सवड कधी? गणपतीत नाही, दसरा-दिवाळीत तर मरायला वेळ नाही, मार्गशीर्षात गुरुवारचे घट. पुढे माघ-फाल्गुन लग्नं. मधे एकच महिना मोकळा, पौष. पौषात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही, फुलाला कुत्रं विचारत नाही. आमच्यात पोरी बघायला जाणं, घराची डागडुजी, ऑपरेशनं, सगळं पौषात. शिवाय आमच्या नाशिकचा पौष कसा! थंडी पडते कडाक्याची, पण आभाळ धुतल्यासारखं. मळ्यातून रामशेजचा डोंगर हाताला लागेल इतका जवळ दिसतो. बघायला जायचं तर यापेक्षा चांगला महिना कोणता, असं घरातल्या एकूण एक माणसाला वाटलं. सुवर्णाने मोबाइलवर तिकिटं काढली. उत्तरेकडचा पौष कसा असतो हे विचारायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. कप्पाळ आमचं!

गाडीत

नाशिकरोडहून गाडीत बसलो तेव्हा मजा होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, सगळं बांधून घेतलं होतं. ठेच्याच्या वासाने समोरचा एक भला माणूस ओळख काढायला आला. तो मुगलसरायकडचा होता, मुंबईहून गावी चालला होता. नाना खिडकीला डोळा लावून होते. कांद्याची चाळ दिसली, मेंढरं दिसली, लाल डब्याची एसटी दिसली की मला सांगायचे, जसं काही मी आंधळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती त्यांनी माझं मनगट धरलं म्हणून. डब्यात अजून दिवे नव्हते, पडदे ओढलेले, सगळे पांघरुणात. नाना काचेला कपाळ टेकवून बसले होते.

“मंगल, गेली.”

मला वाटलं पिशवी गेली. चोरांचं फार ऐकलं होतं. मी पायाखाली हात घालून चाचपडायला लागले.

“पिशवी नाय. नजर. नजर गेली माझी.”

मी उठून काचेशी गेले, बाहेर बघितलं आणि बाहेर काहीच नव्हतं. झाड नाही, खांब नाही, रुळाशेजारची खडीसुद्धा नाही. खिडकीला कुणी बाहेरून पांढरं धोतर बांधावं तसं.

“अहो, धुकं हाय! मला बी काय दिसत नाय!”

“खोटं नको बोलू.”

“देवाशपथ!”

“तू माझं मन राखती.” त्यांनी बाहीने डोळे पुसले. इतक्या वर्षांत हा माणूस रडलेला मी बघितला नव्हता, आई गेली तेव्हासुद्धा. आता माझ्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. शेवटी मी त्या समोरच्याला हलवून उठवलं. माझं हिंदी ऐकून कोणीही दचकून उठेल.

“भाईसाब, बाहर देखो. क्या दिखता?”

तो डोळे चोळत वाकला. “कुछ नहीं दिख रहा माताजी. कोहरा है. इस महीने में तो ऐसा ही रहेगा.”

“सच्ची? तुमको भी नहीं दिखता?” नानांनी विचारलं.

“किसी को नहीं दिख रहा चाचा. ड्राइवर को भी नहीं दिख रहा, तभी तो गाड़ी खड़ी है.”

नाना हसले. खो खो हसले, खोकला येईपर्यंत. “कुणालाच दिसत नाय,” ते म्हणाले, “मग बरंय.” मला त्या धुक्याची इतकी माया आली की काय सांगू. तो माणूस जे म्हणाला, या महिन्यात असंच राहणार, ते कानावर पडूनही आम्ही दोघांनी सोडून दिलं. चहा घेतला, दशम्या खाल्ल्या. दुपार झाली तरी बाहेर सकाळच होती, तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळायला लागला.

काशी

काशी ऐकण्याचं गाव आहे असं मी सांगेन, कारण आम्ही ते ऐकलंच. घंटा, शंख, होडीवाल्यांच्या हाका, ‘राम नाम सत्य है’ म्हणत जाणारे लोक. त्यांच्यात तिरडी घेऊन अशी पळापळ करतात की वाट सोडताना आपणच पडावं. आमच्याकडे मेलेल्या माणसाला हळू नेतात.

खायला मात्र सुख. सकाळी कचोरी आणि जिलबी, एकाच पानावर. आम्ही जिलबी जेवणात वाढतो, हे लोक दात घासल्याबरोबर खातात. मलइयो म्हणून एक प्रकार मातीच्या कुल्हडात देतात, दुधाचा नुसता फेस, केशर घातलेला, थंडीतच मिळतो. नानांनी एक चमचा तोंडात टाकला. “ह्यात काय नायच. टाकला की गेला,” म्हणाले आणि अजून एक मागितला. मोहरीच्या तेलाचा वास मला शेवटपर्यंत सहन झाला नाही. भाकरी तर स्वप्नातच खायची.

एका गल्लीत हार विकायला होते. नाना थांबले, हात घातला, एक फूल तोडून बोटांत फिरवलं. “कलकत्ता झेंडू. कालचा हाय, पाणी मारलंय.” पोरगं झोपेत ओळखावं तसं त्यांनी ते फूल ओळखलं. बघितलं नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

गंगेवर गेलो. होडीवाला म्हणाला, “बैठिए माताजी, सब घाट दिखाऊँगा.” डोंबलाचे घाट! होडी पांढऱ्यात शिरली आणि काठ गेला. होडीवाला वल्हं मारत नाव घेत होता, हा दशाश्वमेध, हा मणिकर्णिका, आणि आम्ही भाबड्यासारखे तो बोट दाखवेल तिकडे मान वळवत होतो. मणिकर्णिकेपाशी पांढऱ्याच्या आत थोडं तांबूस दिसलं. ती चिता होती म्हणे. नाना होडीच्या काठावरून वाकून त्यांच्या खिडकीत मावेल तेवढं पाणी बघत होते.

“केवढी हाय गं? आपल्या गंगेपेक्षा?”

आमची गंगा म्हणजे रामकुंडापाशी सिमेंटच्या बांधातली, हाक मारली तर पलीकडचा भाजीवाला ओ देतो. ही किती मोठी ते मला कुठे माहीत? मलाही दुसरा काठ दिसला नव्हता.

“लय मोठी,” मी म्हटलं.

उतरताना होडीवाल्याला वाईट वाटलं असावं. “फागुन में आइए चाचा. एकदम साफ दिखेगा.” नाना हो म्हणाले. मी मनात म्हटलं, मेल्या, फाल्गुनापर्यंतची हमी तू देतोस का? डॉक्टर देत नाही.

मग विश्वनाथाचं दर्शन. रांग, तपासणी, पुन्हा रांग, धक्के. मी नानांना पुढे धरून चालले होते. आधीच सांगून ठेवलं होतं, आत काळोख असतो, तुमची खिडकी नेमकी पिंडीवर लावा, मी मान धरून दाखवते. त्र्यंबकला श्रावणी सोमवारी काढलेल्या रांगा कामी आल्या, कोपरं मारत मी त्यांना बरोबर पुढे नेलं. मिळाला तर मिळाला एक क्षण. पोलिसाने “चलो चलो” म्हणत ढकललं आणि आम्ही बाहेर.

“दिसला?” मी विचारलं.

नाना थांबले. मागून येणारे लोक आमच्यावर आदळत होते.

“मंगल,” ते म्हणाले, “मी डोळे मिटले.”

“म्हणजे?”

“हात जोडले अन् डोळे मिटले. आपोआप.”

आता याला काय म्हणावं? देव समोर आला की हात जोडायचे आणि डोळे मिटायचे, जन्मापासून हेच केलं. कुणी शिकवलंही नाही. एवढ्या लांब आलो, एवढ्या रांगेत उभे राहिलो, तो उरलेला रुपयाएवढा उजेड जपत जपत देवापुढे नेला आणि तिथे नेऊन मिटला! मी त्या गल्लीत त्यांच्यावर ओरडले. लोक बघत होते तरी ओरडले. “अहो, उघडे ठेवायला काय झालं होतं? एवढं एक काम होतं तुम्हाला!” बोलता बोलता मला आठवलं की पिंड मीही बघितली नव्हती. माझेही मिटलेलेच होते.

“पुन्हा लागू रांगेत,” मी म्हटलं.

“पुन्हा मिटतील,” नाना म्हणाले. आणि गेलो नाही.

आग्रा

ताजमहालाचं लवकर सांगते, कारण सांगण्यासारखं फार नाही. तिकीट काढून, मोठ्या दरवाज्यातून आत गेलो. जिथून तो समोर दिसतो म्हणतात तिथे उभे राहिलो. समोर पांढरी भिंत, हवेची. लोक त्या पांढऱ्याकडे पाठ करून फोटो काढत होते. एक नवी नवरी चुडा भरलेले हात वर करून चिमटीत घुमट धरायची पोज देत होती, चिमटीत काहीच नव्हतं. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तसं आमचं सगळ्या प्रवासाचं झालं होतं.

आम्ही चालत चालत पार जवळ गेलो, इतके की दगडच हाताला लागला. बर्फासारखा गार. खालच्या अंगाला फुलं कोरलेली आहेत, उठावाची, देठ-पानांसकट. नानांनी एका फुलावर डोळा टेकवला. अख्खं फूल त्यांच्या खिडकीत मावलं. मग ते बोटाने पाकळी न् पाकळी फिरले.

“हे आपल्याकडं होत नाय,” म्हणाले. “पण करणाऱ्यानं तोडून समोर ठिवलं असणार. देठ बघ, कसं मोडल्यावर वाकलंय.” तेवढ्यात पहारेकरी शिट्टी मारत आला, हात लावू नका म्हणून. मी त्याला माझ्या हिंदीत चार शब्द सुनावले, पण नानांनी हात काढून घेतला होता. सगळ्या ताजमहालातलं ते एक फूल त्यांनी बघितलं.

बाहेर फोटोवाला अल्बम दाखवत होता, निळं आभाळ आणि पांढराशुभ्र ताजमहाल. सुवर्णाचा व्हिडिओ कॉल आला. “नाना, दिसला का ताजमहाल?” नाना मोबाइल डोळ्याशी धरून म्हणाले, “दिसला. लय मोठा हाय.” हा माणूस खोटं बोलायला कधी शिकला, मला कळेना.

लॉजवर आलो तर त्यांचं डोकं दुखत होतं, डोळ्याला पाणी येत होतं. ड्रॉप वेळच्या वेळी चालूच होते. गार वारं लागलं असेल म्हणून मी मफलर गुंडाळला. भिंतीला हात लावून ते खाटेपर्यंत गेले. मला वाटलं परकी जागा, म्हणून.

“बास झालं,” म्हणाले. “घरी चल. ह्या मुलखात धुक्याशिवाय काय नाय.”

मी फार भांडले. आजवरच्या संसारात इतकी भांडले नसेन. बर्फ राहिलाय, तुम्हीच म्हटलं होतं, मी पुन्हा तुम्हाला इथे कधी आणू? “कधी” म्हटलं आणि पुन्हा माझं मीच ऐकलं. लॉजवाला मधे पडला. म्हणाला, “माताजी, कोहरा तो नीचे का है. पहाड़ पर जाइए, वहाँ चटक धूप है. बादल के ऊपर निकल जाओगे.” मी ते शब्द पदराला गाठ मारावी तसे धरून ठेवले. धुक्याच्या वर ऊन असतं! एवढंच हवं होतं मला. वर जायचं आणि एकदा, एकदाच त्यांना बर्फ दाखवायचा. मग घर. मग देवाने काय करायचं ते करावं.

मसुरीच्या वर

नाना शेवटी तयार झाले, पण हरिद्वारलाही तसलंच पांढरं. नाना म्हणाले, “इथं जास्त दाट हाय, नाय?” मला तर उलट थोडं कमी वाटत होतं, पण मी वाद घातला नाही.

तिथून मसुरीसाठी गाडी केली. ड्रायव्हर अबोल, तोंडात तंबाखू. घाट लागला तशी नानांना मळमळ सुटली. दोनदा गाडी थांबवून ओकले. मग मफलर डोक्यावरून ओढून, माझ्या खांद्यावर मान टाकून डोळे मिटून पडले. मी पुढच्या काचेकडे बघत होते. वळण, पांढरं, वळण, पांढरं. मग पांढऱ्यातून झाडांचे शेंडे आले. देवदार असावेत. मग एका वळणावर गाडी भसकन उन्हात आली.

अगं बाई! मी तोंडावर हात दाबला. निळं आभाळ, आपल्या नाशिकच्या पौषासारखं. धुकं सगळं खाली राहिलेलं, दरीत कापूस पिंजून टाकल्यासारखं. आणि समोर, पार टोकापर्यंत, बर्फाची रांग. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. नानांना हलवून उठवायला हात पुढे केला होता, मागे घेतला. म्हटलं, नको. असं अर्धवट गाडीच्या काचेतून नको. वर नेऊ, उतरवू, नीट उभं करू आणि मग म्हणू, बघा. सबंध वाटेत मी पोरीसारखी हसत होते. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की देव आहे.

वर एक टेकाड आहे, बसायला बाक आहेत. ड्रायव्हर चहाच्या टपरीकडे गेला. आसपास माणूस नव्हतं. मी नानांना हाताला धरून कठड्याशी नेलं, खांदे धरून त्यांना बरोबर रांगेसमोर वळवलं, मफलर वर सरकवला.

“बघा,” मी म्हटलं.

ते बघत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मान हळूहळू डावीकडे नेली, मग उजवीकडे, नकाशावर बोट फिरवायचे तशी. पापणी लवत नव्हती. डोळ्यातून पाणी येत होतं, मला वाटलं आनंदाने.

“इथं बी धुकंच हाय गं,” ते म्हणाले.

डोक्यात एकच आलं, मी आता काय बोलू? आगगाडीत मी खरं बोलले होते तेव्हा त्यांनी मला खोटी ठरवलं होतं. समोर बर्फ इतका लखलखत होता की मला त्याच्याकडे बघवेना. मला शिसारी आली त्या बर्फाची. मला दिसतोय, मला कशाला दिसतोय? मी कधी मागितला होता?

“हो,” मी म्हटलं. “लय धुकं हाय.”

“तो लॉजवाला तर म्हणला होता वर नसतं.”

“त्याला काय कळतंय मेल्याला.”

“थांबू मग थोडं. हटंल.”

“थांबू.”

बाकावर बसलो. माझा आवाज नीट आला होता याचंच मला नवल वाटत होतं. मी मान खाली घालून चपलेकडे बघत बसले, म्हणजे मलाही काही दिसू नये. नाना समोर तोंड करून बसले होते, वाट बघत. कुठेतरी एक पाखरू ओरडत होतं. थोड्या वेळाने त्यांनी मफलर सोडला, घडी करून मांडीवर ठेवला. स्वेटरचं वरचं बटण काढलं. मग उजवा हात पुढे केला, तळवा वर, आणि तसाच धरून ठेवला. मी तोंडाला पदर लावला.

“मंगल,” ते म्हणाले, “ऊन तर लागतंय.”